सान बार्तोलोचीं काळीं भांडीं

दक्षिण मेक्सिकोंतील ओआहाका शहराहून सकाळीं निघणाऱ्या प्रवाशास कुंभारांचीं दोन गांवें पाहून सायंकाळीं परततां येतें. जवळचें सांता मारिया आत्सोम्पा हें हिरव्या झिलईच्या भांड्यांविषयीं प्रसिद्ध आहे. दक्षिणेस सुमारें १२ किलोमीटरांवरील सान बार्तोलो कोयोतेपेक काळ्या भांड्यांविषयीं.

सान बार्तोलोची जुनी रीत चाकाची नव्हे. पालथ्या बशीवर दुसरी उताणी बशी ठेवून ती हातानें फिरवीत कुंभार घट घडवितो. माती मुळांत करडी. भट्टी बुजवून हवा कोंडली म्हणजे ती काळी होते.

पूर्वीं कडक आंचेचीं भांडीं निस्तेज परंतु टणक निघत. त्यांतून पाणी व मेस्काल नांवाचें मद्य नेत. १९५० नंतरच्या दशकांत दोन्या रोसा या कुंभारणीनें अर्धवट सुकलेला घट गारगोटीनें घोटून मंद आंचेवर भाजला. तो काळाभोर चकाकूं लागला. मात्र अशा घटांत पाणी टिकत नाहीं.

उपयोग गेला, शोभा आली. पुढें प्लास्टिक व धातूच्या भांड्यांमुळें घागरींचें गिऱ्हाईक घटलें, तेव्हां याच चकाकीनें गांवाचा धंदा तारला. दोन्या रोसा १९८० सालीं निवर्तल्या. त्यांच्या घराण्यांत हें काम अद्याप चालतें. म्हणून तेथें घट घेणाऱ्यानें प्रथम विचारावें: हा पाण्यासाठीं कीं पाहण्यासाठीं?