बिनभाड्याचे घर : सोय की व्याज?

अल्लाहने मानवावर केलेल्या उपकारांचे वर्णन सूरह अन-नहलमध्ये विस्ताराने आले आहे. पाऊस, दूध, मध, पशुधन यांच्या जोडीने त्याच सूरहच्या ८० व्या आयतीत घराचा उल्लेख येतो. अल्लाहने तुमची घरे तुमच्यासाठी विसाव्याचे स्थान केली, असा तेथील आशय आहे. विसाव्यासाठी आलेला मूळ शब्द ‘सकन’ हा असून आपल्या बोलण्यातला ‘सुकून’ त्याच धातूपासून आला आहे. विशेष म्हणजे याच आयतीत पुढे कातड्याच्या तंबूंचाही उल्लेख आहे; प्रवासात आणि मुक्कामात ते उचलायला हलके असतात. म्हणजेच घर पक्के असो वा आज येथे, उद्या तेथे असे असो, त्यात लाभणारा विसावा ही अल्लाहचीच देणगी होय.

मुंबईसारख्या शहरात मात्र हा विसावाच सर्वांत महाग झाला आहे. एकाच खोलीत तीन पिढ्या राहतात. मुले वयात येतात, आई-वडील थकतात, पडदा राखणे अवघड होते, अभ्यासाला कोपरा उरत नाही. जागेच्या शोधात माणूस कुर्ल्याहून मुंब्र्याला आणि मुंब्र्याहून आणखी पुढे सरकत जातो. कित्येक इमारतींत नुसते नाव ऐकूनच जागा नाकारली जाते, हेही आपण जाणतो. अशा अडचणीत सापडलेल्या माणसासमोर जो मार्ग हमखास ठेवला जातो, त्याचे नाव ‘हेवी डिपॉझिट’. प्रस्तुत लेखात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

एका बांधवाचा प्रश्न

काही दिवसांपूर्वी इशाच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक बांधव थांबले. शिवणकाम करून ते कुटुंब चालवतात. घरात पत्नी, तीन मुले आणि वृद्ध आई. थोरली मुलगी आता चौदा वर्षांची. राहायला एकच खोली. गावाकडील वडिलोपार्जित जमिनीचा आपला हिस्सा विकून त्यांच्या हाती सहा लाख रुपये आले होते. दलालाने दोन खोल्यांची जागा दाखवली. अट एवढीच, की सहा लाख रुपये मालकाकडे ठेवायचे, दोन वर्षे एक पैसाही भाडे न देता राहायचे आणि मुदत संपताच सहा लाख जसेच्या तसे परत घ्यायचे.

ते म्हणाले, “इमामसाहेब, व्याज द्यावे लागेल म्हणून मी बँकेच्या दारात गेलो नाही. यात तर व्याजाचा संबंधच नाही. तेवढे घेतल्यापेक्षा रुपयाही जास्त घ्यायचा नाही. मग हे हलालच ना?”

मी जे शिकलो होतो ते त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तुम्हाला मशिदीची खोली आहे, इमामसाहेब. मी दर महिन्याचे भाडे कोठून आणू, तेही सांगा.”

त्यांचे म्हणणे खरे होते. हराम काय हे सांगून थांबणे सोपे असते. हलालची वाट दाखवणे हीदेखील सांगणाऱ्याचीच जबाबदारी आहे. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येथे मांडत आहे.

व्यवहार उघडून पाहू

शरीअतमध्ये व्यवहाराचा निवाडा त्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या स्वरूपावरून होतो. या व्यवहाराला ‘डिपॉझिट’, म्हणजे अनामत, असे म्हटले जाते. अनामत तर जशीच्या तशी जपून ठेवायची असते. येथे मालक ती रक्कम पहिल्याच दिवशी खर्च करतो. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी दुसऱ्या घराचा हप्ता फेडण्यासाठी तर कोणी दुकानात भांडवल घालण्यासाठी ती वापरतो. जी रक्कम वापरायची मुभा आहे आणि जी तेवढीच परत करणे बंधनकारक आहे, ती फिकहच्या भाषेत ‘कर्ज’ ठरते. म्हणजे येथे भाडेकरू हा कर्ज देणारा आणि घरमालक हा कर्ज घेणारा आहे.

आता हिशेब पाहा. समजा, त्या जागेचे चालू भाडे महिना ९,००० रुपये आहे. दोन वर्षांचे भाडे २,१६,००० रुपये होते. भाडेकरूला आपले सहा लाख परत मिळाले आणि त्याशिवाय २,१६,००० रुपयांचा निवासही मिळाला. हा निवास त्याला कशाच्या बदल्यात मिळाला? मालकाने तो प्रेमापोटी दिला असे म्हणावे, तर सहा लाख न देणाऱ्या दुसऱ्या कोणाला तो का देत नाही? उत्तर स्पष्ट आहे. कर्ज दिले म्हणूनच हा लाभ मिळाला. आणि ज्या कर्जातून अटीने लाभ ओढला जातो तो लाभ व्याज होय, हे फकीहांचे मान्य तत्त्व आहे.

या बाबतीत सहाबा किती सावध होते, याचे उदाहरण सहीह बुखारीत आहे. हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांनी अबू बुरदा यांना बजावले होते की, ज्या भूमीत तुम्ही राहता तेथे व्याज बोकाळले आहे, तुमचे कोणाकडे येणे असेल आणि तो तुम्हाला भुशाचा किंवा जवाचा भारा भेट म्हणून देऊ लागला तरी घेऊ नका, कारण ते व्याज ठरेल. जेथे भुशाच्या भाऱ्याबद्दल ही दक्षता, तेथे दोन वर्षांच्या निवासाबद्दल काय म्हणावे?

काही जण म्हणतात की, घर हे कर्जापोटी गहाण आहे असे समजावे. गहाण ठेवण्यास कुरआनने मुभा दिली आहे (सूरह अल-बकरा, आयत २८३). परंतु गहाण ही परतफेडीची हमी असते. कर्ज देणाऱ्याने ती वस्तू फुकट उपभोगण्याची अट घातली की पुन्हा तोच दोष येतो. दुसरे काही जण म्हणतात, “दोघेही राजी आहेत.” व्याजी कर्जातही दोघे राजीच असतात. मनुष्याच्या संमतीने अल्लाहने निषिद्ध केलेली गोष्ट वैध होत नाही.

आपण ज्याकडे डोळेझाक करतो ते सरकारच्या नजरेतून मात्र सुटत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराचे मुद्रांक शुल्क ठरवताना परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरले जाते आणि ते भाड्याच्या रकमेत मिळवले जाते. बिनभाड्याच्या घरातील भाडे कोठे लपले आहे, हे त्या आकारणीतूनच दिसते.

येथे आणखी एक गोष्ट मनाला टोचते. व्याज घेणारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंत सावकार उभा राहतो. या व्यवहारात मात्र एक गरीब, श्रद्धावंत माणूस व्याजापासून दूर पळता पळता, नकळत, व्याज घेणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

मग वाट कोणती?

सूरह अल-बकराच्या २७५ व्या आयतीत व्याजाचा निषेध आणि व्यापाराची अनुमती एकत्रच आली आहे. बंद केलेल्या दाराशेजारी उघडे दारही आहे. घराच्या प्रश्नातही अशी दारे आहेत.

पहिले दार आगाऊ भाड्याचे. मालकाला एकरकमी पैसा हवा आहे आणि भाडेकरूकडे तो आहे. मग दोन वर्षांचे भाडे एकदम द्यावे आणि त्याबद्दल सवलत मागावी. ९,००० ऐवजी ७,५०० रुपये ठरले, तर २४ महिन्यांचे १,८०,००० रुपये होतात. ही रक्कम कर्ज नाही, निवासाची किंमत आहे. म्हणून ती परत मिळणार नाही. मुदतीआधी जागा सोडावी लागली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील, असे करारात लिहावे. यात भाडेकरूच्या ३६,००० रुपयांची बचत झाली आणि तीही हलाल.

येथे भाडेकरू म्हणेल, “हेवी डिपॉझिटमध्ये सहाच्या सहा लाख परत आले असते.” खरे आहे. परंतु येथेही ४,२०,००० रुपये त्याच्याजवळच राहतात. ते शिलाई यंत्रांत, कापडाच्या व्यापारात किंवा विश्वासू भागीदाराबरोबर नफा-तोट्याच्या बोलीवर गुंतवता येतात. त्यात जोखीम आहे, परंतु बरकतही आहे.

दुसरे दार भागीदारीचे. समजा, घराची किंमत २४ लाख आहे. सहा लाख कर्जाऊ देण्याऐवजी भाडेकरूने त्या रकमेत घराचा एक चतुर्थांश हिस्साच विकत घेतला, तर भाडे फक्त उरलेल्या तीन हिश्श्यांचे द्यावे लागेल. ९,००० ऐवजी ६,७५० रुपये. पुढे जसे जमेल तसा आणखी हिस्सा घेत जावा. भाडे कमी होत जाईल आणि मालकी वाढत जाईल. अट अशी की हिश्श्याची पुढील खरेदी-विक्री त्या वेळच्या बाजारभावाने व्हावी. सहा लाखांचे सहाच लाख परत घेण्याचे आधीच ठरले, तर कर्ज मागल्या दाराने परत येते. यात नोंदणीचा व मुद्रांकाचा खर्च आहे आणि सोसायटीचे नियमही पाहावे लागतात. म्हणून भाऊ-भाऊ, मामा-भाचे किंवा जुने परिचित यांच्यात हा मार्ग अधिक सुकर ठरतो.

तिसरे दार साधे आहे: थोडी अनामत, रास्त भाडे आणि ऐपतीप्रमाणे जागा. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत अल्लाहच्या दासांचे एक लक्षण असे सांगितले आहे की, ते उधळपट्टीही करत नाहीत आणि कंजुषीही करत नाहीत. स्टेशनपासून वीस मिनिटे दूरचे घर वर्षाला कित्येक हजार वाचवत असेल, तर ती वीस मिनिटे तस्बीह करत चालण्यात गेली म्हणून तोटा होत नाही.

मार्ग कोणताही असो, लिहून घ्यावे. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत रक्कम पाच लाख घ्यायची आणि करारात पन्नास हजार लिहायची, हा प्रकार खोटेपणाचा तर आहेच, शिवाय उद्या पैसे परत मागताना भाडेकरूच्या हाती काहीच उरत नाही.

एवढ्यावरही ज्यांना मार्ग सापडत नाही, त्यांनी आपली संपूर्ण परिस्थिती जाणत्या मुफ्तींसमोर ठेवावी. खरी निकड आणि केवळ सोय यांतला फरक समोर बसूनच ठरवता येतो.

घर असलेल्यांना दोन शब्द

आतापर्यंत सर्व उपदेश घर शोधणाऱ्याला झाला. परंतु हे ओझे एकट्या त्याच्याच खांद्यावर टाकणे न्यायाचे नाही.

सहीह बुखारीत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मुक्त केलेले सेवक हजरत अबू राफेअ (रजि.) यांची हकीकत आली आहे. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या विकत घ्या, असे त्यांनी सअद यांना सांगितले. सअद म्हणाले की, चार हजार दिरहमांपेक्षा अधिक देणार नाही आणि तेही हप्त्याहप्त्याने. अबू राफेअ यांना दुसरीकडून पाचशे दीनार रोख मिळत होते, आणि ती रक्कम चार हजार दिरहमांहून मोठी होती. तरीही त्यांनी खोल्या सअद यांनाच दिल्या. कारण त्यांनीच सांगितले: शेजारी आपल्या निकटतेमुळे अधिक हक्कदार असतो, हे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते, ते ऐकले नसते तर या किमतीला खोल्या दिल्या नसत्या.

वाचकहो, या सौद्याकडे नीट पाहा. भाव कमी, पैसे हप्त्याने आणि हप्त्यावर व्याज नाही. एकच हदीस ऐकली म्हणून एका माणसाने रोख नफा सोडला. आज आपल्या वस्त्यांतही घरमालक आपलेच आहेत. नमाजच्या सफेत भाडेकरूच्या खांद्याला खांदा लावून तेच उभे राहतात. अकरा महिने संपताच विधवेचे भाडे वाढवणारेही त्यांच्यात आहेत, आणि भाव चढेल या आशेने वर्षानुवर्षे खोलीला कुलूप लावून ठेवणारेही आहेत. परके आपल्याला घर नाकारतात ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु आपल्या हातात असलेले दार आपण कोणासाठी उघडले, हा प्रश्नही आपल्याला विचारला जाईल.

सूरह अल-हश्रच्या ९ व्या आयतीत मदीनेच्या अन्सारांची प्रशंसा आहे. घर सोडून आलेल्यांवर त्यांनी प्रेम केले आणि स्वतः तंगीत असूनही त्यांना स्वतःपेक्षा पुढे ठेवले. ती इमारतींची नव्हे, मनांची प्रशस्तता होती. खुद्द प्रेषितांची (स.) घरे किती लहान होती! हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, रात्रीच्या नमाजमध्ये प्रेषित सजद्याला जात तेव्हा त्यांना आपले पाय आखडून घ्यावे लागत. तरीही प्रशस्त घर हे माणसाच्या सुखाचे एक कारण आहे, असे प्रेषितांनी सांगितले आहे, आणि गुनाहांची क्षमा, घरात प्रशस्तता व रोजीत बरकत यांची दुआही त्यांनी केली आहे. म्हणून मोठ्या घराची इच्छा बाळगण्यात गैर नाही. त्या दुआतील क्रम तेवढा लक्षात ठेवावा: आधी क्षमा, मग घर.

त्या बांधवांनी दलालाला नकार कळवला आहे. रात्री मुलीच्या अभ्यासासाठी खोलीतला दिवा जळत राहतो आणि आजी तोंडावर ओढणी घेऊन झोपते. ते अजून जागा शोधत आहेत. आगाऊ भाडे देण्याची त्यांची तयारी आहे. आपल्यापैकी कोणाच्या खोलीला कुलूप असेल, तर आपल्या मोहल्ल्यातही असा एखादा माणूस असेल. त्याने विचारण्याची वाट पाहू नये.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि हलाल निवारा देवो, आपल्या घरांत विसावा आणि मनांत प्रशस्तता देवो. आमीन.