स्वस्तातील विमानविद्या

मुंबईत एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०२० साली आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले, हे वाचकांस स्मरत असेल. तेवढी आपली ऐपत नाही. परंतु रेडिओने चालणारे लहान विमान करणे मात्र खेड्यातील विद्यार्थ्यालाही अशक्य नाही.

नवशिका प्रथम रेडिओसंच विकत घेतो. मीही तेच केले. दिवाळीच्या सुटीत कापूस वेचून मिळालेली मजुरी एका जुन्या संचात घातली. पहिल्याच उड्डाणात विमानाने नाक वर केले, क्षणभर थबकले आणि वावरात कोसळले. रेडिओत दोष नव्हता. बॅटरी मी फार मागे बसविली होती. हे ज्ञान थर्माकोलच्या एका शीटवर थोडक्या पैशांत मिळाले असते.

म्हणून आरंभ बिनमोटरीच्या ग्लायडरपासून करावा. पंख व शेपूट ब्लेडने कापून फेव्हिकॉलने चिकटवावे. पंक्चरचे सोल्युशन लावू नये, त्याने थर्माकोल विरघळते. पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर दोन बोटे टेकवून विमान आडवे राहते का पाहावे. राहत नसेल तर नाकाला चिकणमाती लावावी. मग वाऱ्याच्या तोंडावर, किंचित खाली रोखून, हलकेच सोडावे. ते वर चढून थबकले व पडले, तर माती वाढवावी. सरळ नाकावर गेले, तर कमी करावी.

फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान उडविले. ते सुमारे ११ सेकंदांत ४० मीटर गेले. त्याने शेपटीची फळी पंखापेक्षा किंचित खाली झुकत्या कोनात बसविली होती, त्यामुळे विमान आपोआप सावरत असे. आपल्या ग्लायडरलाही तोच उपाय चालतो.

ग्लायडर सरळ जाऊ लागले की मोटर, रिसीव्हर व दोन सर्व्हो घ्यावेत. या टप्प्यावर पैसा ट्रान्समीटरवर घालावा. विमाने फुटतच राहतात, ट्रान्समीटर टिकतो. पंख धडाच्या वर आणि टोकांशी थोडे उचललेले असावेत. लिथियम बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, ३ च्या खाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी कदापि चार्ज करू नये, ती पेट घेते.

सर्वात कठीण भाग बोटांचा आहे. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, आणि माझी दोन विमाने केवळ त्यापायी गेली. पहाटे वारा पडलेला असताना, विजेच्या तारांपासून दूर, रिकाम्या वावरात सराव करावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालक-परवाना लागत नाही; विमानतळाजवळचे निर्बंध मात्र त्यालाही आहेत.

माझे तिसरे विमान सध्या बाभळीवर आहे. बांबू मिळाला की उतरवू.