रंग टिकतो तो तयारीवर

लोखंडी ब्रॅकेट, पंपाची बॉडी, मशीनचे स्टँड, ग्रिल असे भाग जॉबवर्कवर रंगवून देणारे आपले अनेक कारागीर बंधू आहेत. माल पोचवताना तो आरशासारखा चकाकत असतो. पण एक पावसाळा सरला की कडांना गंज फुटतो, फोड येतात, नखाने पापुद्रा निघतो आणि लॉट परत येतो. अशा वेळी रंगाच्या डब्याला दोष दिला जातो. खरे पाहता रंग बहुधा चांगला असतो, चूक त्याच्या खाली असते. पावडर कोटिंग आल्यावरही मोठे, जड आणि भट्टीची उष्णता न सोसणारे भाग ओल्या रंगानेच रंगवले जातात. म्हणून हे काम नीट समजून घेणे धंद्याच्या फायद्याचे आहे.

रंगाचे चार शत्रू

पहिला शत्रू तेल आणि ग्रीस. दुसरा गंज. तिसरा मिलस्केल, म्हणजे गरम रोलिंगमध्ये लोखंडावर बसणारी निळसर-काळी पपडी. ती घट्ट वाटते, पण पुढे तडकते. त्या फटीत ओल गेली की पपडीपेक्षा लोखंड लवकर झिजते आणि वरचा रंग उचलला जातो. चौथा शत्रू क्षार. हाताचा घाम आणि कोकणपट्टीची खारी हवा यांतून ते भागावर बसतात. रंगाखाली राहिलेला क्षार बाहेरची ओल आत ओढतो आणि फोड येतात. म्हणून साफ केलेल्या भागाला उघडा हात लावू नये.

कामाचा क्रम

आधी तेल काढावे, मगच घासावे. तेलावरच पॉलिशपेपर मारला तर तेल सगळीकडे पसरते. रॉकेलने पुसण्याची सवय सोडावी. रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. तेल गेले की नाही हे पाहण्याची बिनखर्ची युक्ती अशी : भागावर स्वच्छ पाणी ओतावे. पाण्याची सलग चादर टिकली तर तेल गेले. पाणी फाटून थेंब झाले तर पुन्हा धुवावे.

लहान भागांसाठी टाक्यांची पद्धत चांगली. क्रम असा : गरम अल्कलीत तेल काढणे, पाण्याने धुणे, ॲसिडमध्ये गंज काढणे, पुन्हा धुणे, फॉस्फेटिंग, धुणे, पॅसिव्हेशन आणि वाळवणे. फॉस्फेटचे बारीक स्फटिक रंगाला पकड देतात. धुण्यात कंजुषी केली आणि ॲसिड राहिले तर तेच रंगाखाली गंज आणते. टाक्यांचे सांडपाणी गटारात सोडू नये. त्यावर प्रक्रिया करणे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेणे आवश्यक आहे.

मोठ्या व जाड कामाला ब्लास्टिंग करावे. ऑर्डरमध्ये ‘एसए अडीच’ लिहिले असेल तर पृष्ठभाग जवळजवळ पांढरा निघाला पाहिजे, फक्त फिकट डाग चालतात. धारदार कडा गोल कराव्यात, कारण धारेवर रंग पातळ होतो. तयार भाग उघडा ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमर मारावा.

हवा आणि गन

हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर काम थांबवावे. भागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवे. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे आणि लाईनला फिल्टर बसवावा. हवेतून तेल-पाणी आले की रंगात खड्डे पडतात. साधी गन भागापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, सरळ रेषेत चालवावी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

थिनरचा हिशेब

रंगात ५० टक्के घनभाग असेल तर ५० मायक्रॉन सुका थर मिळण्यासाठी १०० मायक्रॉन ओला थर लागतो. त्याच रंगात २० टक्के थिनर घातले तर ओला थर १२० मायक्रॉन हवा. पुष्कळ कारागीर थिनर वाढवतात, पण हात मात्र तेवढेच मारतात. मग थर पातळ राहतो आणि माल तपासणीत अडकतो. भाव देतानाही हे ध्यानात ठेवावे : असा एक लिटर रंग कागदावर १० चौरस मीटर पुरतो, पण साध्या गनने बराच रंग हवेत उडतो. ती तूट न धरता दिलेला दर तोट्यात जातो.

माल देण्याआधी

सुक्या थराची जाडी मीटरने मोजावी. थर ६० मायक्रॉनपर्यंत असेल तर नमुन्यावर ब्लेडने १ मिलिमीटर अंतरावर ६ उभ्या आणि ६ आडव्या रेघा मारून टेप लावावी व ओढावी. २५ चौकोनांतील रंग जागेवर राहिला पाहिजे. मोठे कारखाने मिठाच्या फवाऱ्याची चाचणीही मागतात. त्यात ३५ अंश तापमानात ५ टक्के मिठाचे पाणी फवारतात. ही चाचणी किती तासांची, हे दर ठरवण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

जीव आधी

वाळूने ब्लास्टिंग करू नये. तिच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. त्याऐवजी स्टील ग्रिट वापरावी. दोन डब्यांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडतो आणि मग थोडीशी वाफही सहन होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. बाहेरची शुद्ध हवा देणारा मास्कच हवा. थिनरजवळ बिडी, वेल्डिंग किंवा उघडी ज्योत नको.

शेवटी एवढेच, की परत आलेल्या मालाचा जुना रंग काढायचा, पुन्हा साफ करायचा, पुन्हा रंगवायचा आणि वर दोन वेळचे भाडे भरायचे, यात सगळी कमाई जाते. शिवाय गिऱ्हाईक दुसरा कारागीर शोधते. गंजावर रंग चढवला तर दोष चार महिने झाकला जातो, इतकेच. तयारीचा वेळ दरात मोकळेपणाने धरावा, तो का लागतो हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे आणि मगच गन हातात घ्यावी.