शेत विकण्याआधी रेशनकार्ड काढा

गेल्या पावसाळ्यात ओळखीचा एक तरुण दवाखान्यात आला. आई अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अर्धा एकर विकायला काढलाय." मी विचारले, "रेशनकार्ड आणलंस का?"

वाचकहो, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. सत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड उत्पन्न न पाहता मिळते. मात्र मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी लागते. म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आजार योजनेत बसतो का, विचारा. बसत नसल्यास धर्मादाय रुग्णालयात चौकशी करा. तेथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

घरी आल्यावरचा खर्च अनेकजण विसरतात. वॉकर, कमोडची खुर्ची, व्यायाम करून घेणारा, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, यासाठी भावंडांनी आधीच वाटा ठरवावा. पैशांसाठी शस्त्रक्रिया मात्र लांबवू नये. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की न्यूमोनिया व पाठीच्या जखमा गाठतात.

त्या माउलीची शस्त्रक्रिया योजनेत झाली. शेत राहिले, साठवलेले पैसे वॉकरला उपयोगी पडले.