मुलांच्या बळाची वही
या महिन्याचा पाठ : सहावी ते आठवीतल्या मुलांच्या आयांसाठी



मागच्या बैठकीत बचत जमा झाली, वह्या लिहून झाल्या आणि आपण चहाला थांबलो. तेव्हा एक ताई सहज बोलून गेली, "शाळेत बाईंनी पोरांना 'माझ्यातले चांगले गुण' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. माझ्या लेकीने पान कोरंच ठेवलं. म्हणते, आई, माझ्यात काय नाहीच." ताई हसत सांगत होती, पण डोळ्यांत पाणी होतं.

ही लेक सातवीत आहे. गणितात मागे पडते. पण काजूच्या दिवसांत बिया गोळा करून दुकानावर तीच नेते. काटा जरा हलला तरी दुकानदाराला "काका, परत लावा" म्हणून सांगते. पावसाळ्यात धाकट्या भावाचा हात धरून पऱ्या पार करते. हिशोबाची नजर, खरं बोलण्याचं धाडस, जबाबदारी, हे सगळं तिच्यापाशी आहे. पण त्याला गुण म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नाही. मग पान कोरं राहिलं यात नवल काय?

म्हणून या महिन्याचा पाठ हाच. आपल्या मुलांना त्यांचं बळ ओळखायला आणि वाढवायला मदत कशी करायची?

हे याच वयात का?

अकरा ते चौदा हे वय अवघड. अंग बदलतं, आवाज बदलतो आणि मूल स्वतःला दुसऱ्याशी ताडून बघायला लागतं. त्यात आपल्याकडे वाडीतल्या छोट्या शाळेतून मूल एसटीने मोठ्या शाळेत जातं. वाडीत पहिला येणारा तिथे गर्दीत हरवतो. "मी ढ आहे" हे एकदा मनात बसलं की ते काढणं कठीण.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यापुढची वाट मुलाच्या मनावर आणि घरच्यांच्या निर्णयावर असते. आपल्याला काही जमत नाही असं ज्या मुलाला वाटतं ते शाळा आधी सोडतं. मुलगा मुंबईला मिळेल त्या कामाला जातो आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. म्हणून हा विषय नुसत्या कौतुकाचा नाही.

बळ म्हणजे नक्की काय?

बळ म्हणजे फक्त मार्क नव्हेत, आणि नाच-गाण्यासारखी कलाही नव्हे. अमेरिकेतल्या पीटरसन आणि सेलिगमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली स्वभावातल्या २४ बळांची यादी मांडली. त्यात कुतूहल, चिकाटी, प्रामाणिकपणा, धाडस, दयाळूपणा, न्यायबुद्धी, संयम, पुढारपण, कृतज्ञता, विनोदबुद्धी, क्षमा करण्याची वृत्ती असे गुण आहेत. वाचून बघा, यातलं एकही आपल्याला परकं नाही. शिमग्यात पालखीबरोबर न थकता चालणारा, नमनात मृदंगाचा ठेका न चुकवणारा, भांडण लागलं की दोघांना बाजूला करणारा, बिघडलेली बॅटरी उघडून बसणारा, आजीला न सांगता औषध देणारी, या प्रत्येकाकडे यातलं काहीतरी आहेच.

चार आठवड्यांचा पाठ

एक शंभर पानी वही घ्या. गटाची वही असते ना, तशीच ही मुलाची वही. तिच्यात फक्त जमा लिहायची.

पहिला आठवडा, बघा. मुलाला काही सांगू नका. रोज एक गोष्ट स्वतः टिपून ठेवा. "हुशार आहे" असं लिहू नका. काय केलं ते लिहा. "आज सायकलची चेन तीनदा निसटली, तरी चिडला नाही, चौथ्यांदा बसवली." लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीकडून किंवा गटाच्या सचिव ताईंकडून लिहून घ्या.

दुसरा आठवडा, विचारा. रात्री जेवताना किंवा भाजी निवडताना एकच प्रश्न विचारा. "आज कुठलं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही?" "आज कुणाला तुझा उपयोग झाला?" "काय अवघड वाटलं, आणि मग तू काय केलंस?" उत्तर आलं नाही तर गप्प राहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. या वयात मुलं उशिरा बोलतात. समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा हात कामात असताना बरं बोलतात.

तिसरा आठवडा, नाव द्या. आता वही मुलाला दाखवा. "हे तू केलंस. याला चिकाटी म्हणतात." मग त्याला स्वतःला तीन ओळी लिहू द्या. मला काय जमतं, ते मी कधी वापरलं, आणि अजून काय शिकायचं आहे. तिसरी ओळ गाळू नका. आपली कमी बाजू शांतपणे सांगता येणं हेही बळच आहे.

चौथा आठवडा, वापरायला द्या. पैसा डब्यात ठेवला तर वाढत नाही, फिरवला तर वाढतो. बळाचंही तसंच. हिशोबात नजर असलेल्या मुलीला महिन्याच्या किराणाचा हिशोब द्या आणि तिथूनच तिच्या गणिताच्या पुस्तकातल्या शेकडेवारीकडे या. बोलक्या मुलाला शाळेतल्या परिपाठात बातम्या वाचायला उभं राहायला सांगा. शांत मुलाला धाकट्याला वाचायला शिकवू दे. जमलं नाही तरी चालेल, पुढच्या आठवड्यात पुन्हा.

कौतुक कशाचं करायचं?

१९९८ साली म्यूलर आणि ड्वेक या दोघींनी अमेरिकेत पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोपी कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. मग अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं अपयश आल्यावर लवकर खचली आणि त्यानंतर सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. म्हणजे "माझा बाळ लई हुशार" यापेक्षा "दोनदा चुकलं तरी परत केलंस, बरं वाटलं" हे वाक्य मुलाच्या जास्त कामाचं.

तीन गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट जरा कडू आहे. मुलींचे आपण तेवढेच गुण मोजतो जे आपल्या सोयीचे असतात. "माझी पोर कामाला वाघ आहे" म्हणतो आणि सगळी भांडी तिच्यापुढे ठेवतो. वहीत तिच्या नावावर नुसता स्वयंपाक आणि पाणी भरणं आलं असेल तर थांबा. तिला काय आवडतं, ती काय विचारते, कशावर वाद घालते तेही लिहा. आणि मुलाच्या वहीत घरातलं एकही काम आलं नसेल तर तिथेही थांबा.

दुसरी, शिक्का मारू नका. "हा खेळातला, हा अभ्यासातला नाही" म्हटलं की एक दार बंद होतं.

तिसरी, दोन भावंडांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना नको, आणि वहीतलं मुलाला न विचारता चारचौघांत वाचूनही दाखवू नका.

शाळेच्या प्रगतिपुस्तकात मार्क, श्रेणी यांच्याबरोबर 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा वर्णनात्मक नोंदी असतात. आपण श्रेणी बघतो, सही करतो आणि परत देतो. पुढच्या पालकसभेत या नोंदी वाचा आणि आपली वही बाईंना दाखवा. घरातलं मूल त्यांना कुठे दिसतं?

आपल्या देवरूखातलंच उदाहरण घ्या. इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ साली इथे मातृमंदिर सुरू केलं ते दोन खाटांच्या प्रसूतिगृहाने. पुढे त्यातून रुग्णालय उभं राहिलं, निराधार मुलींसाठी 'गोकुळ' झालं. दुसऱ्याचं दुःख आपलं मानायचं हे त्यांचं बळ, आणि ते वापरत गेल्या म्हणून वाढत गेलं. आपल्या पोरांचं बळ आज दोन खाटांएवढंच दिसेल. तेवढं पुरे आहे.

बैठकीत करायचं काम

आपल्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहेच. पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. प्रत्येकीने आपल्या नव्हे, शेजारणीच्या मुलाचं एक बळ सांगायचं, घडलेल्या प्रसंगासकट. आपल्याला जे रोजचं म्हणून दिसत नाही ते शेजारणीला दिसतं.

मग या प्रश्नांवर बोला.
१. लहानपणी माझं कुठलं बळ कुणी ओळखलं? कुणी ओळखलंच नाही?
२. गेल्या आठवड्यात मी मुलाला किती वेळा चूक दाखवली आणि किती वेळा बरोबर?
३. माझ्या मुलीला कामाशिवाय काय येतं?

त्या ताईच्या लेकीचं सांगायचं राहिलं. आम्ही ताईला म्हटलं, काजूच्या काट्याची गोष्ट तिलाच सांगा. ताईने सांगितली. पोर म्हणाली, "हे पण लिहायचं असतं?"

होय बाय, हेच लिहायचं असतं.