लाल सत्तेचे तांबे

प्रश्न : मला चीनचे विळा-हातोड्याचे जुने तांब्याचे नाणे मिळाले आहे. ते कुठले?

उत्तर : आधी वर्ष शोधा. नसेल, तर हातोडा-विळा चीनच्या नकाशावर आहे का पाहा. तसे असल्यास ते चिनी सोव्हिएत प्रजासत्ताकाचे ५ फेनचे नाणे. १९३१मध्ये जियांग्शीतल्या रुइजिनला स्थापन झालेली ही कम्युनिस्ट सत्ता. वेढ्यात सापडलेल्या डोंगराळ मुलखाने स्वतःचे चलन पाडले, याचे मला फार अप्रूप वाटते! नाण्यावर १९३३ वा १९३४ हे वर्ष असेल, तर ते बहुधा सिचुआन-शान्शी सोव्हिएतचे. त्यावरच्या घोषणा जरूर वाचून घ्या. जगातल्या कामगारांना एक होण्याची हाक तांब्यावर कोरलेली दिसेल.

नकली आणि नंतर पाडलेली नाणी मुबलक आहेत. वजन, कडा, अक्षरांची ठेवण अस्सल नाण्याशी ताडा. घासून चकाकी मात्र आणू नका.