स्नेहभंगाचे दुःख आणि योगाभ्यास

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचे महत्त्व पांढुर्णा-सौसर भागातील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. त्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. पांढुर्ण्याचा तरुण व सावरगावची तरुणी यांच्या प्रेमाच्या शोकांतिकेतून ही प्रथा निघाली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गोट्याने फुटलेल्या डोक्यास पट्टी बांधता येते. परंतु ज्याच्यावर जीव जडला त्यानेच पाठ फिरविली, तर त्या जखमेवर कोणती पट्टी बांधावी?

अशा वेळी केवळ मनच पोळत नाही. छाती दाटते, घास उतरत नाही, झोप उडते, श्वास तुटक होतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची अस्थिरता यांची गणना एकत्रच केली आहे. म्हणजे दुःखाने श्वास बिघडतो, हे त्यांनी ओळखले होते. मग श्वास सावरला तर मनही सावरेल, हा त्यातून निघणारा मार्ग होय. उच्छ्वास लांबविला असता हृदयाची गती किंचित मंदावते, असे शरीरशास्त्रही सांगते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची अशी प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. आपल्या शेजारच्या नागपुरात जनार्दनस्वामींनी सामान्य गृहस्थांस योगासनांची गोडी लावली.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. सकाळी अनशापोटी सतरंजीवर ताठ बसावे. मनात चार अंक मोजीत श्वास घ्यावा व सहा अंक मोजीत सोडावा. श्वास कोंडून धरू नये. असे दहा वेळा करावे. नंतर मार्जारासनात श्वासाबरोबर पाठ हळूहळू वर-खाली करावी. त्याने आखडलेली छाती व पाठ मोकळी होते. पुढे वज्रासनात बसून कपाळ जमिनीस टेकवावे व थोडा वेळ तसेच राहावे. शेवटी पाच मिनिटे शवासन करावे. त्या वेळी डोळ्यांत पाणी आले, तर ते येऊ द्यावे. अश्रू आले म्हणजे अभ्यास बिघडला असे नव्हे. कोठेही दुखू लागल्यास तेथेच थांबावे.

रात्री जुने निरोप पुन्हा पुन्हा वाचण्याचा मोह झाला, तर भ्रमणध्वनी दूर ठेवून हेच दहा श्वास घ्यावेत.

मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. तुटलेले नाते जोडून देणे योगाच्या हाती नाही, आणि दुसऱ्याने दिलेला नकार मानणे हाही संयमच आहे. योग आपणांस दुःख सोसण्याइतके स्थिर करतो. अनेक दिवस अन्न व झोप नाहीशी झाली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर एकट्याने आसने करीत बसू नये. आई-वडील, गुरुजन किंवा वैद्य यांस त्वरित सांगावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

विद्यार्थी मित्रहो, रागाचा गोटा हाती घट्ट धरला, तर प्रथम आपलाच हात दुखतो. एकेका दीर्घ उच्छ्वासाबरोबर ती मूठ सैल करण्याचा अभ्यास आजच आरंभावा.